ताट, खोली आणि ऊन

परळच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत प्रयोगशाळेसाठी बांधलेली नाही, हे ती पाहताक्षणी कळतं. उंच छतांची दालनं, रुंद जिने, भोवती झाडी. मुळात ही पोर्तुगीज अमलातल्या जेसुइट पाद्र्यांची वास्तू. ती इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि पुढे मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळ-लालबागच्या माळावर कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि साहेबलोकांची ही निवांत जागा गिरणगावाच्या मधोमध सापडली. १८८० च्या दशकात गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीला पटकीने गाठलं आणि त्यात त्या गेल्या. त्यानंतर गव्हर्नरसाहेबांनी कायमचा मलबार हिलचा रस्ता धरला.

रिकाम्या वाड्याला १८९९ मध्ये नवा मालक मिळाला. तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं होतं. त्या साथीवर लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा आता या वाड्यात आली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचंच नाव मिळालं.

प्लेगने मुंबईच्या डॉक्टरांना एक सवय लावली. आजार समजून घ्यायचा तर रोग्याच्या घरात शिरायचं. १९०४ च्या सुमारास ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी उंदीर मेलेल्या घरांमध्ये गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर जमा झालेल्या पिसवा मोजल्या. उंदरावरच्या पिसवा उंदीर मेल्यावर दुसरं शरीर शोधतात, हे त्यातून उघड झालं. प्लेगची वाट धान्याच्या गोदामातून, लाकडी माळ्यांवरून आणि अंधाऱ्या खोल्यांतून जात होती. पुढच्या पंचवीस वर्षांत याच सवयीने आणखी दोन आजारांचा उलगडा केला. दोन्ही बायकांचे, दोन्ही बाळंतपणात जीव घेणारे. एकाचं कारण नाशिकच्या बंद घरांत सापडलं, दुसऱ्याचं मुंबईच्या ताटात.

या गोष्टी समजायच्या तर आधी गिरणगावातली खोली पाहायला हवी.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५० च्या दशकात ताडदेवला काढली. १९२० पर्यंत गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास माणसं कामाला होती आणि त्यांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असत. त्यांना कामावर घेणारी, कामावरून काढणारी आणि त्याबद्दल हातावर काहीतरी ठेवून घेणारी बाई म्हणजे नायकीण. पोटुशी बाई जितके दिवस उभी राहू शके तितके दिवस कामावर येई, कारण रजा घेतली की जागा गेलीच.

राहायला एक खोली. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहत असल्याचं आढळलं. पुढे याच दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती, आणि त्यांतही एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची एकच खोली. चूल त्यातच, झोपणं त्यातच, आणि गावाहून आलेले दोन-चार भाऊबंद पोटावर जेवायला असत तेही त्यातच.

त्याच पाहणीत जेवणाचाही हिशोब निघाला. कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा अन्नावर जात होता, आणि त्यातूनही मुख्यतः धान्यच येत होतं. अहवालाचा निष्कर्ष सरकारला अडचणीत टाकणारा होता. गिरणी कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामावरच्या मजुराला दुष्काळ संहितेप्रमाणे मिळणाऱ्या कमाल शिध्याएवढं होतं, मात्र मुंबई इलाख्याच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाने जेवढं मिळे त्यापेक्षा कमी. दूध, फळं, पालेभाजी यांचं प्रमाण नगण्य. कोकणातून आलेल्या माणसाला गावी परसातला माठ, शेवग्याचा पाला, ओहोळातले मासे फुकट मिळत. मुंबईत या प्रत्येक गोष्टीला दाम मोजावे लागत, आणि पगाराच्या दिवशी वाण्याची उधारी चुकवल्यावर ते उरत नसत.

मूल जन्मलं की पेच आणखी घट्ट होई. आई कामावर, बाळ खोलीत. ते रडू नये म्हणून त्याला ‘बाळगोळी’ दिली जाई. या गोळीत अफू असे. गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या अहवालात लिहिलं की, अशा बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते. गुंगीतलं बाळ दूधही मागत नाही, हे त्या गोळीचं दुसरं टोक.

१९२१ सालचे महापालिकेचे बालमृत्यूचे आकडे पुढे मजूर चळवळीच्या भाषणांत वर्षानुवर्षं फिरत राहिले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ८२८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. दोन खोल्या असतील तर ३२२, तीन असतील तर १९१, आणि चार किंवा अधिक खोल्या असतील तर १३३. यांतला पहिला आकडा फुगलेला आहे, हे तेव्हाही जाणकारांना ठाऊक होतं. कामगार बायका बाळंतपणाला रत्नागिरीला, साताऱ्याला माहेरी जात. जन्माची नोंद गावच्या दप्तरात होई आणि बाळ घेऊन परतल्यावर मृत्यूची नोंद मुंबईत. छेद लहान आणि अंश मोठा, म्हणून दर आभाळाला भिडला. पण ही सूट द्यावी तेवढी दिली, तरी दोन खोल्या आणि चार खोल्या यांच्यामधली दरी बुजत नाही. तिथं माहेरी जाण्याने एवढा फरक पडत नव्हता.

गरिबी, दाटी आणि अर्धं पोट यांनी माणसं मरतात, असा सरळ अर्थ यातून निघतो. मात्र त्याच सुमारास नाशिकमधून आलेल्या एका निरीक्षणाने हा सरळपणा मोडला.

नाशिकला काम करणाऱ्या डॉ. एच. एस. हचिसन यांनी पटेल आणि शहा या भारतीय सहकाऱ्यांबरोबर १९२१-२२ मध्ये मुडदुसावर निबंध प्रसिद्ध केले. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहून पाय धनुकलीसारखे वाकण्याचा आजार. हाच विकार वयात आलेल्या मुलींना आणि लेकुरवाळ्या बायकांनाही होतो. त्यांचे पाय दुखतात, चाल बदकासारखी होते, आणि सर्वांत घातक म्हणजे कंबरेच्या सांगाड्याचा आकार बिघडून प्रसूतीचा मार्ग अरुंद होतो. अशा बाईचं पहिलं बाळंतपण कदाचित सुखरूप होई. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मूल अडे आणि सुईणीच्या हातात काही उरत नसे.

युरोपात या आजारावर त्या वेळी जोरदार वाद चालू होता. लंडनच्या एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून सांगितलं होतं की दोष आहाराचा आहे, कॉडलिव्हर तेलाने मुडदूस बरा होतो. ग्लासगोचे डॉक्टर म्हणत होते की दोष कोंदट घरांचा. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुलं बरी केली होती. त्याआधी १८९० मध्येच थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनी जपान, चीन आणि हिंदुस्थानातल्या मिशनरी डॉक्टरांची पत्रं गोळा करून निष्कर्ष काढला होता की सूर्यप्रकाश मुबलक असलेल्या देशांत मुडदूस क्वचित दिसतो. मग बारा महिन्यांपैकी आठ महिने लख्ख ऊन पडणाऱ्या नाशिकात हा आजार असायलाच नको होता.

तो होता, आणि नको त्या घरांत होता. नुसत्या भाकरी-कोरड्यासावर जगणाऱ्या गरीब हिंदू कुटुंबांत मुडदूस जवळजवळ आढळत नव्हता. त्या घरातल्या बायका शेतावर, बांधकामावर, नदीवर धुण्याला जात आणि लेकरू पाठीशी किंवा झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत उन्हातच असे. आजार सापडत होता तो पडदा पाळणाऱ्या मुसलमान कुटुंबांत आणि सुखवस्तू उच्चवर्णीय हिंदूंच्या घरांत. तिथं दूध होतं, तूप होतं. पण मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचं जग माजघरापुरतं उरे. जुन्या गावठाणातल्या अरुंद गल्लीत भिंतीला भिंत लागलेली घरं, रस्त्याकडे खिडकी नाही, असलीच तर तिला झडप. बाळंतीण तर आणखी आतल्या काळोख्या खोलीत. तिथं वाराही लागू द्यायचा नाही अशी रीत, आणि त्या अंधारातच बाळाचे पहिले महिने जात.

म्हणजे इथं गरिबीने वाचवलं आणि प्रतिष्ठेने मारलं.

मेलनबी चूक नव्हते आणि नाशिकचे डॉक्टरही चूक नव्हते, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत स्पष्ट झालं. अन्नातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचवायला शरीराला ड जीवनसत्त्व लागतं. ते माशाच्या तेलातून मिळतं, आणि कातडीवर ऊन पडलं की शरीर स्वतःही तयार करतं. ज्या गरीब बाईच्या ताटात ते नव्हतं तिला ऊन मिळत होतं. पडदानशीन बाईला दोन्हीकडून बंदी. काश्मिरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिलं. मूळची मुंबईची रखमाबाई हीही याच काळातली. बालविवाह नाकारून न्यायालयात उभी राहिलेली आणि नंतर विलायतेत शिकून डॉक्टर झालेली ही बाई सुरत आणि राजकोटला आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवत राहिली. निवृत्तीनंतर तिने पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका काढली. बंद दारांआड बायकांच्या शरीराचं काय होतं, हे तिच्याइतकं जवळून पाहिलेलं माणूस विरळाच.

आता पुन्हा परळला. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या चाळिशीतल्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळलेल्या, लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात रक्त आणि रसायनांवर काम केलेल्या. हिंदुस्थानात मातामृत्यूंची चौकशी सुरू होती आणि त्या कामाच्या पुढारी होत्या डॉ. मार्गारेट बाल्फर. बाल्फर यांची उभी हयात इथल्या स्त्रियांच्या इस्पितळांत गेलेली. विल्स यांच्याकडे आला गरोदरपणातल्या एका विशिष्ट पंडुरोगाचा प्रश्न.

हा पंडुरोग नेहमीचा नव्हता. लोह कमी पडून होणाऱ्या पंडुरोगात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथं त्या नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या दिसत. बाई सातव्या-आठव्या महिन्यात पांढरीफटक होई, पाय सुजत, जिभेची आग होई, जिना चढवेनासा होई, आणि बाळंतपणाच्या आगेमागे ती जाई. लोहाने गुण येत नव्हता. रक्त चढवण्याची सोय मोजक्याच ठिकाणी होती. जंतुसंसर्ग, हवामान, वंश अशी अनेक कारणं पुढे केली जात होती.

विल्स यांनी प्लेगवाल्यांचाच रस्ता धरला. त्यांनी डॉ. एस. एन. तळपदे यांच्याबरोबर मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या जातीधर्मांच्या आणि आर्थिक थरांच्या बायका काय खातात, किती खातात, कशा घरात राहतात, घराबाहेर पडतात की नाही, याची ही तपशीलवार नोंद होती. परपुरुषाला उंबऱ्यातून आत येऊ न देणाऱ्या घरांत हे काम बाईलाच शक्य होतं, आणि इथल्या बोलीभाषा जाणणाऱ्या बाईला अधिकच. प्रयोगशाळेतली बाजू डॉ. एम. एम. मेहता यांच्या सोबतीने चालली.

पाहणीत माणसं वेगवेगळी निघाली तरी दिशा एकच होती. हा पंडुरोग सर्वांत जास्त होता तो गरीब मुसलमान बायकांत, आणि आहारही सर्वांत तोकडा त्यांचाच होता. त्यांच्या ताटात ताजी पालेभाजी, फळं आणि कसदार प्रथिनं जवळजवळ नव्हती. मटणाचा तुकडा आलाच तर तो घरातल्या पुरुषांकडे जाई. पडद्यामुळे बाजार पुरुषांच्या हाती, त्यामुळे काय आणायचं यातही तिचा शब्द नव्हता. सुखवस्तू घरांतल्या बायकांत, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, हा आजार तितका दिसत नव्हता. म्हणजे धर्म हा फक्त वरचा शिक्का होता. खाली ताट तपासलं तर उत्तर तिथं होतं.

ते सिद्ध करायला उंदीर आले. मुंबईच्या गरीब बाईच्या जेवणासारखं जेवण त्यांना दिलं आणि उंदरांना पंडुरोग झाला. काम फत्ते झाल्यासारखं वाटलं, पण थोड्याच दिवसांत कळलं की दोष उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूचा आहे. उंदीर सोडून विल्स माकडांकडे वळल्या. मधल्या काळात, १९२९ मध्ये, त्या निलगिरीतल्या कुन्नूरलाही काम करून आल्या. तिथं रॉबर्ट मॅकॅरिसन हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण उंदरांना खाऊ घालून त्यांची वजनं मोजत होते. शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, पठाणी आहारावरचे २३०, मराठा आहारावरचे २२५, आणि शेवटी मद्रासी आहारावरचे १५५. धान्य कोणतं आणि दूध, डाळ, भाजी किती, यावरून शरीर केवढं बदलतं, हे त्या तक्त्यात दिसत होतं. मराठा आहार तिसरा आला याचं कौतुक करताना एक लक्षात ठेवायला हवं. ते गावातलं जेवण होतं, गिरणीच्या खोलीतलं नव्हे.

गुण देणारं औषध सापडलं ते अनपेक्षित ठिकाणी. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळपट, दाट, खारट अर्क इंग्लंडात ‘मार्माइट’ या नावाने पावाला लावून खातात. विल्स यांनी तो पंडुरोगी माकडांना दिला आणि माकडं सुधारली. मग तो गरोदर बायकांना दिला. चार-पाच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, सूज उतरली. १९३१ च्या जून महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध आला. तोवर अशा पंडुरोगावर उपाय म्हणजे भरपूर यकृत खाऊ घालणं. अमेरिकेत १९२६ मध्ये मिनो आणि मर्फी यांनी तो शोधला होता, आणि त्याला पुढे नोबेल पारितोषिक मिळालं. मुंबईत यकृत म्हणजे महागडी गोष्ट, शिवाय अनेक घरांत निषिद्ध. मार्माइट स्वस्त होतं आणि कुणाच्या सोवळ्याला धक्का लावत नव्हतं.

विल्स यांना पुढे आणखी एक गोष्ट दिसली. शुद्ध केलेला यकृताचा अर्क टोचला तर या बायकांना फायदा होत नव्हता, कच्च्या अर्काने मात्र होत होता. म्हणजे युरोपातल्या जीवघेण्या पंडुरोगावरचं द्रव्य वेगळं आणि मुंबईच्या बायकांना हवं असलेलं द्रव्य वेगळं. या अज्ञात द्रव्याला वैद्यकात ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून ते वेगळं केलं. त्याला आपण आज फॉलिक आम्ल म्हणतो. नवी पेशी तयार होताना तिच्यातला जनुकीय मजकूर दुप्पट व्हावा लागतो, आणि त्यासाठी हे द्रव्य लागतं. रक्त रोज नवं होत असतं, पोटातला गर्भ तर क्षणोक्षणी. म्हणून तुटवडा पहिल्यांदा गरोदर बाईच्या रक्तात उघडा पडतो. पालेभाजी, डाळी, शेंगदाणे यांत ते असतं, पण भाजी फार वेळ शिजवली किंवा शिजवलेलं पाणी ओतून दिलं की बरंचसं नाहीसं होतं.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवलं. आंध्रातल्या भीमावरमच्या या माणसाचा भाऊ स्प्रू या आजाराने गेला होता. त्या आजारातही अन्नातलं फॉलिक आम्ल शरीराला लागत नाही. त्याच कामातून फॉलिक आम्लाची वाट अडवणारी औषधं निघाली आणि १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिली. कर्करोगावरच्या औषधोपचाराच्या इतिहासातलं हे एक पहिलं पान.

विल्स स्वतः १९३७-३८ मध्ये पुन्हा मुंबईला येऊन गेल्या. लंडनला त्या सायकलवरून इस्पितळात जात आणि निवृत्तीनंतर चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १९६४ मध्ये त्या वारल्या.

विल्स पहिल्यांदा मुंबईत आल्या, त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक चर्चेला आलं होतं. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना म्हटलं की, मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा. १९२९ चा मुंबईचा कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. सात आठवड्यांची रजा आणि दिवसाला आठ आणे. पैसे मालकांनी द्यायचे होते. पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. त्यामागे नवी यंत्रं होती, रात्रपाळीवरची बंदी होती, आणि मालकांनी मांडलेला या आठ आण्यांचा हिशोबही होता.

औषध म्हणून फॉलिक आम्लाची पुढची वाटचाल वेगवान झाली. स्वतंत्र भारताने १९७० मध्ये गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी उघडी राहण्याचा जन्मदोष या आम्लाने ७२ टक्क्यांनी टळतो, असं ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ मध्ये दाखवलं. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणं सक्तीचं केलं. ताटाकडे परतायला मात्र जास्त वेळ लागला, आणि परत आणणारे डॉक्टर पुन्हा महाराष्ट्रातलेच निघाले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार आणि त्यांची बाळं यांचा मागोवा घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की, आईने एकूण किती उष्मांक किंवा प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागत नाही. पालेभाजी, फळं आणि दूध ती किती वेळा घेते, याचा लागतो. मग मुंबईत ‘सारस’ या नावाने एक मोठी चाचणी झाली. २००६ ते २०१२ या काळात झोपडपट्ट्यांतल्या ६,५१३ बायकांना रोज एक पदार्थ दिला गेला. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळं आणि दूध होतं, दुसऱ्याच्या पदार्थात कांदा-बटाट्यासारख्या कमी पोषक गोष्टी. पदार्थ गर्भ राहण्याआधीपासून चालू केला होता, ही त्यातली मेख. सरसकट सगळ्या बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्या बायका मुळात फार हडकुळ्या नव्हत्या त्यांची बाळं वजनदार झाली. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला.

नाशिकच्या प्रश्नानेही वेश बदलला आहे. पडदा बहुतेक घरांतून गेला, पण सकाळी लोकलमध्ये शिरून संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातून घरी परतणारं शहर उन्हाला तितकंच पारखं आहे. भरपूर ऊन असलेल्या भारतीय शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, असं कितीतरी पाहण्या सांगतात. उंच इमारतींच्या सावलीतल्या तळमजल्याच्या खोल्यांत तर दुपारीही दिवा लावावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के बायकांना पंडुरोग होता. २०१९-२१ मध्ये हा आकडा ५४ टक्क्यांवर गेला, देशाचा ५७ टक्के आहे. रक्त तपासायच्या पद्धतीवर वाद आहे, म्हणून एक-दोन टक्क्यांवर भांडण्यात अर्थ नाही. गोळ्यांचा कार्यक्रम पन्नास वर्षांहून जुना झाला आणि तरीही निम्म्या बायका पंडुरोगी, हे मात्र वादाच्या पलीकडचं आहे. गर्भाच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. तेव्हा बहुतेक बायकांना आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं, आणि सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून गोळी हातात पडेपर्यंत दोन-तीन महिने उलटतात. त्यामुळे आईच्या ताटातल्या भाजीची काळजी तिचं नाव दवाखान्याच्या वहीत चढण्याच्या आधी, ती शाळेत जाणारी मुलगी असतानाच घ्यायला हवी.